जुनी ट्विन घेतली खरी, आता ठेवू की विकू? (मुक्काम सोलापूर)

सातरस्ता
नमस्कार. चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या जूनमध्ये कावासाकीची निंजा ३०० घेतली, दोन सिलिंडरची, म्हणजे ट्विन. २०१६ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, मी तिसरा मालक, मीटरला २१ हजार. पावणेदोन लाखांना पडली. कॉलेजात असताना पार्क चौकात एकाची अडीचशेवाली निंजा बघितली होती, तेव्हापासून डोक्यात किडा होता. लग्न, घराचे हप्ते, बाबांचं ऑपरेशन असं करत चौतिसाव्या वर्षी मुहूर्त लागला. तीन महिन्यांत, २२ सप्टेंबर २०२५ ला, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली, तशी माझी उभ्या उभ्या उतरली. तेही सोसलं.

रोज जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. गावात एकदाही त्रास नाही. रविवारी मात्र लांब नेली की मध्येच दम सोडते. आधी खोकल्यासारखं करते, मग कुणी मागून धरून ठेवल्यासारखी ओढ जाते आणि बंद. दिवे चालू, स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. बाजूला लावतो, झाकण उघडून हलवून बघतो, पेट्रोल असतं. दहा मिनिटं थांबलो की जणू काही झालंच नाही अशी चालू. असं चार वेळा झालं. जो तो म्हणतो, सोलापूरचं ऊन, या गाड्या इथल्या नव्हेत.

बायको म्हणते, टॉवेलच्या पैशांनी गाडी घेतलीस, आता गाडीच्या पैशांनी टॉवेल घे. लातूरचा एक जण दीड लाख द्यायला तयार आहे. ठेवू की विकू? आपल्यासारख्या गावात अशी गाडी कुणी सांभाळलीय का?

शेंगाचटणी
पहिला प्रश्न राहिलाच. किती देते?

सातरस्ता
गावात २२-२३, हायवेला २७. हा प्रश्न नवी पेठेत रोज तीनदा येतो. त्यानंतरचा ठरलेला: "यात बुलेट आली नसती का?"

क्लचवायर
आधी उन्हाचंच बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो. जुन्या गाडीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कधी बदललंय देव जाणे. निम्मे लोक पातळी कमी झाली की नळाचं पाणी ओततात, आणि सोलापूरचं पाणी म्हणजे आत क्षारांचा थर. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि काळ्या मातीची धूळ बसलेली असते, ती पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर समोरून मारला तर पंख वाकतात. पंखा सुरू होतो का ते जागेवर चालू ठेवून बघा. कूलंट बदलताना आतली हवा नीट काढायला सांगा.

तापमानाचा काटा कुठपर्यंत जातो?

सातरस्ता
सात रस्त्याच्या सिग्नलला चढतो, पंखा लागतो, उतरतो. पायाला गरम झळ लागते तेवढीच. कूलंट मी घेतल्याबरोबर बदललंय.

भुईकोट
काय बे, गाडी घेऊन सात-आठ महिने झाले आणि आम्हाला धाग्यावरून कळूलालंय? परवा आसरा चौकात एक जण हिरवी गाडी ढकलत चालला होता, तूच की काय?

तुझ्या गाडीचं मला माहीत नाही. माझ्या मावसभावाने हैदराबादहून साडेसहाशेची आणली होती. पहिल्या दिवशी गल्लीत पंधरा पोरं, दुसऱ्या दिवशी त्यांचे बाप. एक अण्णा तर म्हणाले, दोन सिलिंडर आहेत तर एक बंद करून चालवता येत नाही का, पेट्रोल वाचेल.

आरडीकाका
भुईकोट, तुमच्या अण्णांनी मला जुने दिवस आठवून दिले. माझी ट्विन खरंच एका सिलिंडरवर चालायची, फक्त माझ्या इच्छेविरुद्ध.

१९८९ साली मी राजदूत ३५० घेतली, वापरलेलीच. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्यावर बनवलेली, ३४७ सीसी, टू स्ट्रोक, दोन सिलिंडर. आधी हाय टॉर्क निघाली. पेट्रोल पिते म्हणून लोक घेईनात, मग ताकद कमी करून लो टॉर्क काढली. माझी हाय टॉर्क. तेव्हा सोलापुरात गिरण्यांचे भोंगे होते. पहाटेच्या पाळीचे लोक सायकलवरून चाललेले असायचे आणि मी मधून धूर सोडत जायचो. शिव्या भरपूर खाल्ल्या. ओल्या हवेत डावा प्लग भिजायचा आणि गाडी अर्धी व्हायची. खिशात कायम दोन प्लग, एक पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा.

नवी होती तेव्हा कुणाला नको होती, आता तिच्यासाठी लोक चारचाकीचे पैसे मोजतात. मी माझी १९९४ ला बारा हजारांना दिली. त्या पैशांत मुलीच्या बारशाचा खर्च निघाला. मुलगी आता अमेरिकेत असते. गाडी कुठे असते माहीत नाही.

तेव्हा विकायची घाई करू नका, एवढंच म्हणेन.

शेंगाचटणी
काका, मुलगी कुठे आहे ते माहीत आहे ना, मग जमलं.

बाणेरी
स्पष्ट बोलतो, राग नको. या गाडीची मजा वरच्या आरपीएममध्ये आहे. ३९ पीएस ताकद येते ती ११ हजारांवर. ती मजा घ्यायला वळणं लागतात. आमच्याकडे ताम्हिणी आहे, वरंधा आहे. सोलापुरात सगळा सपाट माळ. तिथे ही गाडी ठेवणं म्हणजे घोडा घेऊन अंगणात बांधणं. विका आणि एखादी साधी आरामशीर गाडी घ्या.

मोहोळकर
बाणेरी साहेब, तुमच्या ताम्हिणीत रविवारी वळणाला दहा गाड्या आणि वीस मोबाईलवाले असतात. आमच्या माळावर सकाळी सहाला सरळ क्षितिजापर्यंत रस्ता दिसतो. तुळजापूरचा घाट लहान आहे, पण आहे. आणि नळदुर्गला पावसाळ्यात नर-मादी धबधबा सुरू झाला की येऊन बघा, पाणीमहालाच्या भिंतीवरून पाणी पडतं.

धागाकर्त्याला मात्र वेगळीच सूचना. गाळपाचा हंगाम संपेपर्यंत अंधारात बाहेर पडू नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. रस्त्यावर पडलेलं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) ओलं असेल तर १४० मिमी रुंद टायरखालीसुद्धा साबणासारखं सरकतं. हे मी ऊसवाला म्हणून सांगतोय, ट्रॉली आमचीच असते.

क्लचवायर
उसावरून आठवलं. इथेनॉल! २० टक्के मिसळलेलं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि २०१६ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुन्या रबरी नळ्या फुगतात, आणि टाकीत पाणी गेलं तर ते इथेनॉलबरोबर तळाला बसतं. गाडी महिना-महिना उभी असते का?

मोहोळकर
म्हणजे आता गाडी बंद पडण्यालाही शेतकरीच जबाबदार?

क्लचवायर
तुमच्या उसाने तिची टाकी भरलीय, एवढंच म्हणतोय :)

सातरस्ता
उभी नसते, रोज चालते. टाकी शनिवारी रात्री काठोकाठ भरतो, आठवडाभर पुरते.

वैजू
मी बार्शीची. यामाहा आर३ वापरते, २०१७ ची, ३२१ सीसी, घेतली तेव्हा पाच वर्षं जुनी होती. आमच्या गल्लीत माझ्या गाडीपेक्षा माझ्याबद्दलच जास्त चर्चा, ते जाऊ दे. गाव लहान म्हणून अडत नाही. दोन-तीन गोष्टी कळत नसल्या तर अडतं.

तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी सोय) नसणार. निंजा ३०० ला आपल्याकडे ते २०१८ मध्ये आलं, आर३ लाही त्याच वर्षी, म्हणून माझीलाही नाही. तेव्हा टायरवर पैसे वाचवू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३११७ म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. माझ्या गाडीची नक्षी नव्यासारखी दिसत होती आणि रबर दगड झालेलं. पहिल्या पावसात कुर्डुवाडी रोडला मागचं चाक निघालं. मी वाचले, इंडिकेटर गेला.

दुसरं, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॅममधलं बारीक अंतर. या इंजिनात दोन सिलिंडरचे मिळून आठ व्हॉल्व्ह आणि जुळवणी शिमची, म्हणजे पातळ चकत्यांची. अंतर बसत नसेल तर कॅमशाफ्ट उतरवावे लागतात. हे काम आधीच्या मालकाने केलंय का, बिल आहे का? २१ हजारांपर्यंत बहुतेक जण टाळतात आणि पुढच्याच्या गळ्यात मारतात.

सातरस्ता
बिल नाही. तेल, एअर फिल्टर, ब्रेक ऑइलची बिलं आहेत. एअर फिल्टर मी घेतल्यावर इथेच एका ओळखीच्या मेकॅनिककडे बदलून घेतला. बाकी आधीचा मालक पुण्याला करायचा, मीही तिकडेच नेईन म्हणतो. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, पण तेवढीच राइड.

भुईकोट
वाटेत चार वेळा थांबून.

बाणेरी
अवांतर: दोन सिलिंडरच हवे असतील तर २७० अंशांचं क्रँक (पिस्टनना जोडलेला फिरता दांडा) बघा. अ‍ॅप्रिलिया आरएस ४५७ तर बारामतीत बनते, तुमच्या वाटेवरच. निंजा ३०० आणि आर३ ची क्रँक १८० अंशांची, एक पिस्टन वर तर दुसरा खाली. आवाज बारीक, शिलाई मशिनसारखा.

आरडीकाका
आमचीही १८० चीच होती. पण टू स्ट्रोक, म्हणून ठोके समान अंतराने. फोर स्ट्रोकमध्ये त्याच क्रँकला ठोके पडतात ते १८० अंशांनंतर आणि मग एकदम ५४० अंशांनंतर. लंगडी घालत पळणाऱ्या पोरासारखं. मला तो आवाज आवडतो.

बाणेरी
काका, इथे माझा मुद्दा लंगडा पडला. मान्य.

गाणगापूर_रिटर्न
विकून दुसरी जुनी घेणार असाल तर एक सावधगिरी. आपण सीमेवर, त्यामुळे केए (कर्नाटक) पासिंगच्या गाड्या स्वस्तात दाखवतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवायची तर नोंदणी महाराष्ट्रात बदलावी लागते, इथला कर भरावा लागतो, तिकडचा परत मिळवायला वेगळा अर्ज आणि वेगळ्या चकरा. माझ्या चुलतभावाची फाईल एका कार्यालयात आठ महिने होती. दर वेळी एक नवीन कागद. शेवटी तो म्हणाला, गाडीपेक्षा फाईल जास्त फिरली.

वैजू
आणि साडेतीनशेच्या वर गेलात तर विम्याचा थर्ड पार्टी हप्ताही १,३६६ वरून २,८०४ वर जातो. कुणी आधी सांगत नाही.

शेंगाचटणी
धागा छान चाललाय. गाडी अजून बंदच आहे ना?

कडकभाकरी
सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच विचारली नाही. चार वेळा बंद पडली ती किती वाजता, कुठे, आणि निघून किती किलोमीटरवर?

सातरस्ता
आठवून लिहितो. दोनदा तुळजापूर रोडला, तामलवाडीच्या पुढे. एकदा इटकळजवळ. एकदा मोहोळ ओलांडल्यावर. चारही वेळा रविवार, सकाळी साडेसहा ते साडेसात. घरून निघून ३०-४० किलोमीटर झालेले. वेग ९०-१००.

कडकभाकरी
डिसेंबर-जानेवारीत पण?

सातरस्ता
हो, दोनदा जानेवारीतच. गड्ड्याच्या यात्रेच्या आधी एकदा, नंतर एकदा. हात गारठले होते.

कडकभाकरी
मग ऊन गेलं कुठे? दुपारी उन्हात सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहते आणि जानेवारीच्या थंडीत मोकळ्या हायवेला बंद पडते. सगळ्यांनी सोलापूरच्या उन्हावर बिल फाडलंय.

क्लचवायर
बरोबर. मी पण फाडलं. मग साइड स्टँडचा स्विच? तो खराब असेल तर गिअरमध्ये असताना इंजिन बंद करतो. किंवा बॅटरीच्या टर्मिनलचा बोल्ट सैल.

कडकभाकरी
स्विच असता तर खटकन बंद झाली असती. हे म्हणतात आधी खोकते, मग ओढ जाते. म्हणजे पेट्रोल हळूहळू कमी पडतंय. आणि पंप बिघडला असेल तर दहा मिनिटांनी स्वतःहून बरा का होतो?

वैजू
थांबा थांबा. ते दर वेळी झाकण उघडतात! पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

सातरस्ता, झाकण उघडताना आवाज येतो का? आत हवा ओढल्यासारखा?

सातरस्ता
येतो! सुस्स करून. मला वाटलं सगळ्याच गाड्यांना येतो. आणि दुपारी पंपावर उघडलं की उलटं, भस्सकन वास बाहेर येतो.

वैजू
मग टाकीला श्वास घेता येत नाहीये. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला पाहिजे, तिची वाट बंद आहे. आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. लहान बाळाची बाटली दाबून बसते तसं. झाकण उघडलं की लगेच सुटतं. तुम्ही उगाच दहा मिनिटं चहा पिताय.

क्लचवायर
पण मग उन्हात जास्त व्हायला पाहिजे ना?

कडकभाकरी
उलट. उन्हात पेट्रोलची वाफ होते, आतला दाब वाढतो, पोकळी भरून निघते. भस्सकन बाहेर येतं ते तेच. थंडीत वाफ कमी. आणि शनिवारी रात्री टाकी काठोकाठ, म्हणजे वर हवेला जागाच नाही. ३५-४० किलोमीटरला सव्वा-दीड लिटर संपलं की तेवढ्या चिमूटभर हवेला सगळी जागा भरायची. आठवड्यात टाकी अर्धी, वर हवा भरपूर, वेग कमी, अंतर अकरा किलोमीटर. गावात तिला कळतच नाही की आपल्याला दमा आहे.

आरडीकाका
वा! आमच्या वेळी झाकणाचं बारीक भोक काडीने साफ करायचो. इतक्या वर्षांत आजार तोच, डॉक्टर बदलले.

कडकभाकरी
येत्या रविवारी टाकी भरून त्याच रस्त्याने जा. खोकायला लागली की डाव्या कडेला घेऊन थांबा, फक्त झाकण उघडून लावा, लगेच स्टार्टर मारा. धरली तर रोग सापडला. मग टाकी उचलून खालच्या नळ्या बघा. एक झाकणाभोवतीच्या पाण्याची, दुसरी हवेची. एअर फिल्टर बदलताना टाकी काढतात. परत बसवताना नळी दबली असणार, माझी पैज.

भुईकोट
कशाची पैज? हुग्गीची (गव्हाच्या खिरीची) लावा.

सातरस्ता (रविवार, दुपारी)
मंडळी, आत्ताच घरी आलो, हात पण धुतले नाहीत.

तामलवाडीच्या पुढे अडीच-तीन किलोमीटरवर खोकली. कडेला घेतली, झाकण उघडलं, सुस्स. लावलं, बटन दाबलं, पहिल्या फटक्यात चालू. मी हेल्मेटमध्येच मोठ्याने हसलो. बाजूच्या शेतातला माणूस बघत होता.

परत येऊन सीट काढली, टाकीचे बोल्ट सोडले, भावाने उचलून धरली. हवेची नळी टाकी आणि फ्रेमच्या कंसात चेपलेली, चपटी पट्टी झालेली. एवढ्या नळीसाठी मी गाडी विकायला निघालो होतो. दुकानातून तशीच नळी आणून बसवली, साठ रुपये. मग तसाच नळदुर्गला गेलो आणि आलो, वाटेत कुठेही न थांबता. मेकॅनिकला फोन केला तर म्हणतो, आणा की, फुकट बसवून देतो. आता बसवून झाली!

कडकभाकरी, वैजूताई, हुग्गी माझ्याकडून.

शेंगाचटणी
विकण्याचं काय झालं मग?

वैजू
माझं मत विचाराल तर आता विकायची हीच वेळ. गाडी ठणठणीत, गिऱ्हाईक तयार, आणि व्हॉल्व्हचं काम अजून अंगावर आलेलं नाही. ते करायला पुण्यात दोन दिवस मुक्काम आणि चांगलंच बिल. मी केलंय, म्हणून सांगते. पुढच्याला मात्र ते सांगून विका.

बाणेरी
मी विका म्हणणारा पहिला, पण आता ठेवा म्हणतो. स्वतःच्या हाताने टाकी उचललेली गाडी विकवत नाही. पुण्यात आणाल तेव्हा व्यनि (खासगी निरोप) करा, राहायची सोय होईल. ताम्हिणी दाखवतो.

मोहोळकर
वळणाला दहा गाड्या असलेली तीच ना?

सातरस्ता
लातूरवाल्याला व्हॉल्व्हचं खरं सांगितलं. तो लगेच एक लाख तीसवर आला. बायको बाजूलाच उभी होती, म्हणाली, एवढ्यात देणार असशील तर राहू दे. त्यामुळे सध्या तरी राहिली. मार्चअखेरचे हिशेब संपले की पुण्याला नेतो, बिलाचा आकडा इथे टाकतो, मग परत भांडू.

दरम्यान पुढच्या रविवारी सकाळी सहाला कोण येतंय? हिप्परगा तलावापाशी जमू आणि तुळजापूर. आठपर्यंत परत.

भुईकोट
येतो. स्प्लेंडर चालेल ना?

आरडीकाका
मागे बसायला जागा आहे का कुणाकडे? निंजाची मागची सीट मी बघितलीय, पाटाएवढी आहे. भुईकोट, तुमच्या स्प्लेंडरवर येतो.